सव्वीस मिनिटांचा समुद्र

बॅरेक क्रमांक तीन
३ ऑगस्ट २०२५

ताई,

समर्थचा नमस्कार. अक्षर बघून हसू नकोस. बारावीनंतर पेन हातात धरलं ते आत्ताच. जेलमधून परदेशात फोन लागत नाही, म्हणून हा कागद.

आईने तुला कळवलंच असेल. तेरा जुलैला, रविवारी सकाळी, कैलासभाऊच्या वावराला लागून रतनला मारहाण झाली. जबडा मोडला, डोक्यात कोयता उलटा बसला. तो अजून दवाखान्यात बेशुद्ध आहे. कैलासभाऊने खालची जमीन बंगल्यांसाठी दिली आणि तिकडे जायला रस्ता हवा म्हणून रतनचा बांध मागितला. रतन म्हणाला, "बांध माज्या बापाचा हाय, न्हाई देनार." पुढचं सगळ्या टाकवे गावाला माहीत आहे.

रतनच्या बायकोने लांबून सहा माणसं बघितली. सगळ्यांच्या अंगावर निळे प्लास्टिकचे कागद, डोक्यावरून ओढलेले. तोंड एकाचंही दिसलं नाही. पण भावकीतले म्हणून पोलिसांनी कैलासभाऊ, कोंडाजीआबा आणि आम्ही चौघं असे सहा उचलले. ताई, मी तिथे नव्हतो. मी आपल्या वरच्या वावरात पाणी बघायला गेलो होतो, आणि तुझ्याशी बोलत होतो. आठवतंय ना? तू त्या समुद्राकडेच्या लोकलमध्ये होतीस आणि व्हिडिओ लावला होतास. सात वाजून चार मिनिटं ते साडेसात. फोनमध्ये नोंद आहे, पूर्ण सव्वीस मिनिटं. मारहाण त्याच वेळेतली.

वकील म्हणाले, "माणूस एका वेळी समुद्र बघेल की माणूस मारेल?" त्यांना तुझा लेखी कागद हवा. कुठे चढलीस, काय दिसलं, मला काय काय दाखवलंस, सगळं वेळेसकट लिही. दाजींची सही साक्षीदार म्हणून घे. जामीन त्याच्यावरच आहे.

आई एकटी आहे. तू सोडून मला कुणी नाही.

समर्थ

•

मोरातुवा, कोलंबोजवळ
१९ ऑगस्ट २०२५

प्रिय समर्थ,

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग त्यातलं शुद्धलेखन बघून हसले, मग परत रडले. ओंकार कारखान्यातून आले तेव्हा मी चुलीसमोर, म्हणजे शेगडीसमोर, तशीच बसले होते आणि भात करपून कोळसा झाला होता. ते म्हणाले, "आधी कागद लिही, मग जेवू." तो कागद वकिलांना पाठवला आहे, सहीसकट. तुला इथे परत लिहिते, म्हणजे तुझ्याही डोळ्यांसमोर राहील.

ओंकारांचं मशीन बसवायचं काम सहा महिन्यांचं, म्हणजे मी इथे सहा महिन्यांची पाहुणी. पाहुण्या माणसाला काम नसतं, त्याला बघायचं असतं. आपण कान्हे स्टेशनवरून लोणावळ्याला वर्षानुवर्षं लोकलने गेलो, मी चिक्कीच्या दुकानात, रतन हॉटेलच्या भटारखान्यात. पण डोंगराकडे कधी मान वर करून बघितलं? डबा सांडणार नाही ना, एवढंच बघायचो. इथली माणसंही तशीच. समुद्र खिडकीत आला की पेपर उघडतात. मी एकटीच वेड्यासारखी दाराशी.

रविवारी सकाळी मोरातुवाला चढले. दारं उघडीच असतात. थोडा वेळ घरं, नारळ, वाळत घातलेले कपडे. मग एकदम उजेड होतो आणि डाव्या हाताला पाणी. मधे रस्ता नाही, भिंत नाही, फक्त काळे दगड. लाटा त्या दगडांवर अशा आदळतात की वाटतं कुणाचा तरी जुना राग आहे. फेस माझ्या पायापर्यंत आला. तेव्हाच तुला फोन लावला. "दाखव, ताई," एवढं म्हणालास. मी तुला लाटा दाखवल्या, रुळाला लागून असलेल्या झोपड्या दाखवल्या, वडे विकणारा म्हातारा दाखवला. डाळीच्या वड्यावर अख्खी कोलंबी बसवलेली असते, डोळ्यांसकट. तुला म्हटलं, "आईला दाखवू नको, उलटी करेल." माउंट लॅव्हिनिया गेलं, देहीवाला गेलं. वाटेत काढलेल्या प्रत्येक फोटोवर वेळ आहे, ते सगळे पाठवलेत.

तुझ्याकडचा चौकोन मात्र काळा होता. मला वाटलं, चिखलाचे हात, फोन खिशात टाकून ऐकतोयस. मागे भात लावणारे आवणीवाले ओरडत होते. "धर, धर," कुणी तरी म्हणत होतं. बैल सुटला असेल.

तू घाबरू नकोस. लागलं तर मी विमानाने येऊन कोर्टात उभी राहीन. माझा भाऊ माझ्याबरोबर गाडीत होता, असं छातीठोक सांगेन.

तुझी
ताई

•

बॅरेक क्रमांक तीन
६ सप्टेंबर २०२५

ताई,

कागद मिळाला असं वकील म्हणाले. त्यांना आवडला. फक्त एक, ते बैलाचं आणि ओरडण्याचं काढून टाक. नवीन कागद लिहून पाठव. साक्ष साधी असावी म्हणतात. तो आवाज तुझ्या गाडीतलाच असेल. गाडीत काय कमी गोंगाट असतो?

तुला कळलं असेल, रतन अठ्ठावीस ऑगस्टला गेला. आता कलम खुनाचं लागलं आहे. जामिनाची गोष्ट लांबली.

इथे बाकी बरं आहे. कोंडाजीआबा न्हाणीत घसरून पडले. उजव्या कानाची पाळी तुटली, दोन दात पडले. त्यांना उचलताना कैलासभाऊच्या मुठीलाही लागलं. आबा आदल्या दिवशी फार रडत होते, "मला समद्यांना सांगायचंय," असं काहीबाही बोलत होते. वय झालंय. आता शांत असतात. जेवताना भिंतीकडे तोंड करून बसतात.

आईला सांग, भात कापणीची काळजी करू नको. आवणीला दोन दिवस कैलासभाऊच्या घरची माणसं आपल्याकडे सावडीला आली होती, तशीच कापणीलाही येतील. तुला आठवतं ना, आज त्यांनी आपल्या वावरात राबायचं, उद्या आपण त्यांच्या. मजुरी नाही, हिशोब नाही, पण सावड चुकवली तर पुन्हा गावात कुणी बांधावर उभं राहत नाही. कैलासभाऊ काल म्हणाला, "सावड भाईर चालती तशी आतबी चालती. एकानं त्वांड उघाडलं की समद्यांचं वावार पडीक." सगळे हो म्हणाले. मीही म्हणालो.

नवीन कागद लवकर पाठव. आणि पत्रात त्या गाडीचं अजून लिही. इथे मी मोठ्याने वाचून दाखवतो. समुद्राचं आलं की माणसं मारामारी थांबवून ऐकतात.

समर्थ

•

मोरातुवा
२४ सप्टेंबर २०२५

समर्थ,

घसरून पडलेल्या माणसाचा गुडघा फुटतो, कान तुटत नाही. मला काय अंगणवाडीतली समजलास?

रतन गेला हे मला आईने सांगितलं. दहावीपर्यंत आम्ही एका वर्गात होतो, नंतर आठ वर्षं एका डब्यात. पावसाळ्यात दारातून पाणी आत आलं की स्वतः दाराकडे सरकून मला आत ढकलायचा. "सारके, तुजी चिक्की भिजंल," म्हणायचा. माझं नाव असं मोडून घेणारा तो एकटाच. त्या माणसाचा जबडा मोडला. ज्याने मोडला त्याचे हात झडोत, असं मी देवासमोर म्हणाले. म्हणून झालं आणि मला तुझे हात दिसले.

नवीन कागद मी लिहिलेला नाही. आधी खात्री करायची ठरवली. एकवीस तारखेला, रविवारी, तीच गाडी पकडली. तोच डबा, तेच दार. डोळे मिटून फक्त ऐकत बसले. चाकं ऐकली, लाटा ऐकल्या, वडेवाल्याची आरोळी ऐकली. अख्ख्या डब्यात मराठी येणारी मी एकटी. मग या गाडीत "धर, धर" कोण म्हणणार रे?

त्या दिवशी मी कोलंबोहून परत घरी आले नाही, तशीच उलट दिशेच्या गाडीत बसून गॉलच्या वाटेला लागले. शेजारी सोमावती नावाची बाई होती. कुवेतमध्ये वीस वर्षं घरकाम केलं, त्यामुळे मोडकं हिंदी बोलते. हिक्कडुवाच्या अलीकडे एका जागी तिने खिडकीबाहेर हात जोडले. त्सुनामीच्या वेळी तिथेच गाडी उभी होती. पहिल्या पाण्यानंतर गावातली माणसं धावत आली आणि गाडीत चढली, कारण गाडी लोखंडाची, जड. "सब चढ़ा, तो मैं भी चढ़ा," ती म्हणाली. मग दुसरं पाणी आलं, ताडाएवढं, आणि त्याने डबे उचलून झाडांवर आपटले. आतली माणसं बाकांखाली, एकमेकांखाली बुडाली. तिच्या हातात धाकट्या बहिणीचा हात होता. लोकांना ती सांगत आली की पाण्याने हिसकावला. मला म्हणाली, "झूठ. मैंने छोड़ा. खिड़की पकड़ने को छोड़ा." पुढच्या स्टेशनला उतरून गेली. अनोळखी बाईला सांगणं सोपं असतं.

आता तू सांग. मी अनोळखी नाही, पण सांग. त्या सव्वीस मिनिटांत तू कुठे होतास? मला "धर"च्या पुढचंही काही ऐकू आलं होतं. ते मी आत्ता लिहीत नाही. आधी तुझं येऊ दे.

ताई

•

११ ऑक्टोबर २०२५

ताई,

हे पत्र जेलच्या पेटीतून आलेलं नाही. पेटीतलं प्रत्येक पत्र साहेब आधी वाचतात, येणारंही आणि जाणारंही, म्हणून मागची पत्रं तशी होती. उद्या एक जण सुटतोय, तो हे बाहेर टाकेल. वाचून जाळून टाक.

आबा घसरले नाहीत. कैलासभाऊने त्यांना न्हाणीत धरून ताटाच्या कडेने मारलं. दोघांनी दारात उभं राहून गाणं म्हटलं, आवाज जाऊ नये म्हणून. त्या दोघांतला एक मी होतो.

आता तेरा जुलैचं. शुक्रवार-शनिवार कैलासभाऊची माणसं आपल्या आवणीला राबली. शनिवारी संध्याकाळी तो आईसमोर म्हणाला, "उद्या सकाळी माज्याकडं सावड. समर्थला धाडा." आईने हो म्हटलं, भाकरीही बांधून दिली. मी आवणीलाच निघालो होतो ताई, आईची शपथ. तिथे गेलो तर चिखलात कुणी उतरलेलं नाही. सगळे बांधावर, हातात कोयते आणि फावड्यांचे दांडे. मी म्हणालो, "रोपं कुटं हायेत?" कैलासभाऊ म्हणाला, "आज रोपं न्हाईत, झुडूप काडायचंय." मी तेव्हाच परत फिरायला हवं होतं. पण दोन दिवस त्यांनी आपलं वावर लावलं होतं. मला वाटलं, सावड म्हणजे सावड, काम कोणतं ते आपण विचारायचं नसतं.

रतन बांधावर येऊन उभा राहिला तेव्हाच तुझा फोन आला. मी उचलला, "दाखव, ताई" म्हणालो. कैलासभाऊ ओरडला, "ठिव त्यो फोन, धर त्याला." मी फोन कापला नाही. तसाच शर्टाच्या खिशात, निळ्या कागदाच्या आत ठेवला. पुढे काय होणार ते मला कळलं होतं आणि आपलं एक माणूस जवळ असावं असं वाटलं. मग मी रतनला मागून धरलं. दोन्ही हात त्याच्या काखेतून घालून, मानेमागे बोटं अडकवून, कुस्तीत धरतात तसं.

पहिला दांडा पोटात बसला, तेव्हा तो वाकला आणि मीही त्याच्याबरोबर वाकलो. दुसरा गुडघ्यावर. हाड मोडलं ते मला माझ्या अंगात जाणवलं. तो निसटू बघत होता, चिखलात पाय झाडत होता, आणि मी अजून घट्ट धरत होतो. जबड्यावर बसला तेव्हा त्याचं रक्त माझ्या तोंडावर उडालं, गरम. आणि इकडे माझ्या छातीतून तू बोलत होतीस. वडे, कोलंबी, आई उलटी करेल. त्याचं डोकं माझ्या छातीवर टेकलेलं होतं, खिशावरच. एकदा तो झटापट सोडून एकदम गप्प झाला, ऐकत राहिला. मग काही तरी म्हणाला. काय ते मला कळलं नाही, माझे कान वाजत होते. मग कैलासभाऊचा कोयता आला. रतन पडला, तेव्हा मी सोडला. आधी नाही.

मी एकही वार केला नाही. हे मी रोज स्वतःला सांगतो आणि रोज मला ते खोटं वाटतं. मी धरलं नसतं तर तो पळाला असता. तो आमच्या सगळ्यांत वेगाने पळायचा.

ताई, तरीही तुझा कागद दे. बैलाशिवायचा. तुझ्या सव्वीस मिनिटांवर मी सुटतो. आई वावरात एकटी पडेल, ती किती दिवस जगेल? रतन तर गेलाच. आता खरं बोलून त्याला काय मिळणार?

तुझा
समर्थ

•

मोरातुवा
१ नोव्हेंबर २०२५

समर्थ,

हे पत्र मी नेहमीच्या पत्त्यावर टाकते आहे, जेलच्या साहेबांमार्फत. तुझ्या आधी ते वाचतील. वाचावं, म्हणूनच अक्षर सुवाच्य काढलं आहे.

काल वकिलांना फोन करून सांगितलं की माझा कागद फाडून टाका. ते म्हणाले, "बाई, घरचं माणूस घरच्याच्या मुळावर उठतं का?" मी म्हटलं, उठतं. ओंकारांनी तिकीट काढलं आहे. सतरा तारखेला पोहोचते. पोलिसांकडे जाऊन जबाब देणार आहे. माझ्याआधी तू स्वतः बोललास तर तुझं काही तरी भलं होईल. कोंडाजीआबाही तुझ्या मागून बोलतील, बघ. नाही बोललास तरी मी बोलणारच.

भाताची चिंता करू नकोस. आई आणि मी जेवढं होईल तेवढं कापू, उरेल ते उभं राहील. कैलासभाऊच्या घरचं एक माणूस आपल्या वावरात उतरता कामा नये, हे आईला सांगितलं आहे. ती म्हणाली, "भाकरी म्याच बांदून दिली व्हती गं." आणि फोन ठेवला. तिच्याकडे मी बघेन. तुलाही भेटायला येईन, दर पंधरा दिवसांनी, कितीही वर्षं लागली तरी. तू माझा भाऊ आहेस आणि मला तुझी किळस आली आहे, या दोन्ही गोष्टी घेऊन येईन.

तू विचारलंस, खरं बोलून रतनला काय मिळणार. मला माहीत नाही. पण तो काय म्हणाला ते तुला ऐकू आलं नाही असं तू लिहिलंस. मला आलं होतं. ऐकलं त्याच क्षणी मी आवाज ओळखला होता. आठ वर्षं एका डब्यात काढलेल्या माणसाचा आवाज कुणी विसरतं का? पहिल्या पत्रात मी बैल सुटला असं लिहिलं, तेही तुझ्यासाठीच लिहिलं होतं. आपल्या आळीत आता बैल उरलेत तरी किती? म्हणजे खोट्याची पहिली ओळ माझी आहे. तुला एकट्याला दोष देऊन मी मोकळी होणार नाही.

तो म्हणाला, "सारके, ह्याला सोडाया सांग."

मला वाटलं, तोही आवणीला आलाय, नेहमीसारखी चेष्टा करतोय. मी हसले, समर्थ. मोठ्याने हसले. आणि म्हणाले, "थांब रे, आधी समुद्र बघ, केवढा जवळ आलाय."

कोर्टात मला विचारतील, तुम्ही काय ऐकलंत. ते सांगेन. मग विचारतील, तुम्ही काय उत्तर दिलंत. तेही सांगेन.

ताई